दार ढकलून पाहणारे काका

एका शनिवारी काकांनी इथल्या मराठी मंडळाचं नाटक बंद पाडलं. अग्निशमन दलाची गाडी आली, लोक घरी गेले, आणि पुढच्या सभेत मंडळाने काकांचं सभासदत्व रद्द केलं. गेल्या हिवाळ्यात ते वारले.

घडलं ते एवढंच. बाकीचं लिहायला मला वेळ लागतो आहे, कारण त्यांच्याबद्दल एखादं वाक्य लिहिलं की ते खुर्चीमागे उभे राहून विचारतात असं वाटतं, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आमची ओळख जर्सी सिटीच्या सार्वजनिक वाचनालयात झाली. माझ्या तेव्हाच्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. नितीन, म्हणजे माझा नवरा, सकाळी ट्रेनने मॅनहॅटनला बँकेत जायचा आणि मी चालत वाचनालयात. नागपूरला इतिहासात एम.ए. केलं होतं, त्याचा इथे उपयोग इतकाच की दिवसभर पुस्तक घेऊन बसायची सवय होती. एकदा मी दाराशी उभी राहून आईशी फोनवर बोलले आणि परत येऊन बसले, तर समोरच्या खुर्चीतले म्हातारे गृहस्थ मराठीत म्हणाले, "तुम्ही रोज येता इथे. घरी सगळं ठीक आहे ना?"

मी म्हटलं, "ठीक आहे. का?"

"इतक्या झटकन ठीक आहे म्हणणारी माणसं मी पुन्हा तपासतो," ते म्हणाले आणि वाचायला लागले.

अमेरिकेत अनोळखी देशी माणूस आपणहून बोलायला आला की पहिली शंका येते ती साबण आणि व्हिटॅमिन विकणाऱ्यांची. आधी गावाची चौकशी, मग मुलांची, मग 'एक छान अपॉर्च्युनिटी आहे' म्हणून कॉफीचं आमंत्रण. मी घरी येऊन सांगितलं तेव्हा नितीन म्हणाला, "यार, जपून. फोन नंबर देऊ नकोस." मी दिला नाही. पुढचे कित्येक दिवस मी त्यांच्यावर लक्ष ठेवून होते आणि ते माझ्यावर. मी नवऱ्याच्या त्रासाने घराबाहेर पडते असा त्यांचा संशय होता, आणि ते काहीतरी विकणार असा माझा. दोघांचेही संशय चुकले. मैत्री झाली ती त्यानंतर. ते म्हणायचे की विश्वासाने सुरू झालेली मैत्री त्यांना झेपत नाही, तपासलेली बरी.

ते रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. निवृत्त झाले, बायको गेली, मूलबाळ नव्हतं. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. ती जागा त्यांनी का घेतली असं मी विचारलं तेव्हा त्यांनी खिडकी उघडून बाहेरचा लोखंडी जिना दाखवला. आगीच्या वेळी उतरायचा. त्यावर कोणी कुंडी ठेवली की ते खाली जाऊन त्या घराची बेल वाजवायचे. इमारतीत त्यांना कोणी जेवायला बोलवत नसे.

सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणायचे, अगदी शाळेतल्या मुलांनासुद्धा. मी एकदा म्हटलं, काका, मला अगं म्हणा, मी तुमच्या मुलीसारखी आहे. ते दचकले. "हे वाक्य कारखानदारांचं आहे. कामगार आमच्या लेकरांसारखे आहेत, असं म्हणायचे ते. लेकरांना पगार मागता येत नाही."

त्यांचं वाचन हे असं, सगळं एकाच काळातलं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिका, गिरण्या, पोलादाच्या भट्ट्या, बोटीतून उतरलेली माणसं आणि त्यांची कामाला लागलेली पोरं. कारखान्यांच्या तपासनिसांचे जुने अहवाल ते मागवून घ्यायचे आणि लोक रहस्यकथा वाचतात तसे खुर्चीच्या काठावर बसून वाचायचे. मध्येच मला खुणेने बोलवायचे. "हे बघा. मालक सांगतो, आमच्याकडे लहान मुलं कामाला नाहीत. तपासनीस बाई खाली उतरतात, पुन्हा वर जातात. कापडाच्या ढिगाऱ्याखाली पोरं." आणि इतके खूश व्हायचे, जणू त्या बाईंबरोबर तेही जिना चढून आले होते.

शाळेत असं शिकवतात की समाजसुधारणा करुणेतून झाली. काकांना ते अजिबात मान्य नव्हतं. "करुणा रडते आणि घरी जाते," ते म्हणायचे. "संशय जिना चढतो." त्यांचं म्हणणं असं की त्या काळी सगळ्यांना सगळं ठीक असल्याचं सांगितलं जात होतं. मालक सांगत होते, वर्तमानपत्रं छापत होती, चर्चमधून तेच ऐकू येत होतं. मग काही बायका परदेशी कामगारांच्या वस्तीत घर घेऊन राहायला गेल्या आणि म्हणाल्या, बघू तरी. कायदे नंतर आले, संघटना नंतर आल्या, बायकांना मताचा हक्कही नंतर मिळाला. सुरुवात त्या 'बघू तरी'ची. हे सांगताना ते हाताने अदृश्य दार ढकलून दाखवायचे.

पण त्या बायकांनाही ते सोडत नसत. "त्यांना पैसे कोण देत होतं? श्रीमंतांच्या मुली त्या. त्यांच्या वडिलांच्या गिरण्या कुठे होत्या ते मी शोधतोय." देणगीदारांवर तर त्यांचा दात होता. मालकाने कामगारांना वाचनालय बांधून दिलं की समजायचं, पगार कमी आहे. बाग करून दिली की समजायचं, संप मोडायचा आहे. मी म्हटलं, मग अशा वाचनालयांत तुम्ही जाऊन बसता ते? ते म्हणाले, "म्हणून तर बसतो. कोणीतरी वसूल करायला हवं."

या स्वभावाचा माणूस मंडळात कसा टिकला असेल, असं कोणालाही वाटेल. पण ते मंडळात रमत असत. खरं म्हणजे मंडळाशिवाय त्यांना माणसंच नव्हती. दर रविवारी मंडळाची मराठी शाळा भरायची, नंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं असायचं, आणि काका आठवडाभर त्या जेवणाची वाट पाहायचे हे त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावरून कळायचं. शनिवारी वाचनालयात ते मला दोनदा तरी विचारायचे, "उद्या आहे ना?" जणू रविवार रद्द होऊ शकतो अशीही त्यांना शंका होती.

जेवणात मात्र विघ्नं आणायचे. एका दिवाळीला अध्यक्ष वर्षाताईंनी फराळाचं ताट पुढे केलं. वर्षाताई मूळच्या पुण्याच्या, इथे मोठ्या हुद्द्यावर, आणि मंडळासाठी रात्रंदिवस राबणाऱ्या. काकांनी चकली उचलून निरखली.

"या कोणी केल्या?"

"आयांनी हो. सहा महिन्यांसाठी आल्यात ना सगळ्या. सासूबाई, शेजारच्या मावशी. तीन दिवस बसून केल्या, हौसेने."

"हौस कोणाची?"

"काका, खा ना!"

"खातो. पण त्या काळी इथे बायका घरी, स्वयंपाकाच्या टेबलावर बसून, कोटांना अस्तर लावायच्या. तेव्हाही म्हणायचे, घरबसल्या करतात, हौसेने."

वर्षाताई हसल्या, पण ताट पुढे नेलं. काका मग स्वयंपाकघरात गेले आणि सासूबाईंना विचारून आले. आल्यावर पडलेल्या चेहऱ्याने मला म्हणाले, "खरंच हौस आहे." त्यांना ते पटलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी पुन्हा विचारलं.

मंडळातल्या मुलांना ते वर्षातून एकदा गिरण्यांच्या जुन्या गावात फिरायला न्यायचे. नदी, धबधबा, विटांच्या लांबलचक इमारती, आता त्यांतल्या अर्ध्या बंद आणि अर्ध्यांत महागडी घरं. या फेरीचा त्यांचा एक नियम होता, तो ते आधी कोणालाच सांगत नसत. प्रत्येक इमारतीपुढे ते तीन गोष्टी सांगायचे आणि त्यांतली एक खोटी असायची. मग गप्प उभे राहायचे, कोणी हरकत घेतंय का ते बघत. बहुतेक वेळा कोणी घेत नसे. मुलं फोनमध्ये असायची आणि आईवडील कौतुकाने माना डोलवायचे. फेरी संपली की काका खिन्न आवाजात म्हणायचे, "माझ्यावर विश्वास ठेवलात म्हणजे दिवस वाया गेला," आणि कुठली गोष्ट खोटी होती ते न सांगताच बसस्टॉपकडे निघायचे.

एकदा वर्षाताईंची मुलगी मात्र मध्येच म्हणाली, "वेट. हू सेज?"

काका थांबले. "काय म्हणालात?"

"यू सेड की हे मिल ओनर रोज सगळ्या वर्कर्सना दूध द्यायचे. हाउ डू यू नो दॅट?"

काकांनी आजूबाजूला पाहिलं, जणू कोणीतरी साक्षीदार हवा होता. मग टोपी काढून त्या मुलीला नमस्कार केला. वर्षाताई ओशाळून म्हणाल्या, "अगं, मोठ्यांशी असं बोलतात का?" काका म्हणाले, "असंच बोलतात. दूध कोणी देत नव्हतं."

त्यांनी मला जे जे सांगितलं त्यातलं किती खरं, ही शंका मला तेव्हापासून आहे. काही गोष्टी मी नंतर पडताळून पाहिल्या. दूध खोटं होतं. ढिगाऱ्याखालची मुलं खरी होती. काही अजून सापडलेल्या नाहीत.

आता दाराबद्दल. कोणत्याही हॉलमध्ये, हॉटेलात, देवळात शिरल्यावर काका आधी बसत नसत. ते सरळ मागे जायचे, बाहेर पडायचं दुसरं दार शोधायचे आणि ते ढकलून पाहायचे. उघडलं की परत येऊन शांतपणे जेवायचे. यामागे जे होतं ते त्यांनी मला सांगितलं होतं, आणि हे मी पडताळलं आहे. त्या काळच्या कारखान्यांत मालक जिन्याच्या दारांना कुलूप लावायचे. कामावरच्या मुलींनी मध्येच बाहेर जाऊ नये, कापड चोरून नेऊ नये म्हणून. न्यूयॉर्कमध्ये एका शर्टांच्या कारखान्याला आग लागली तेव्हा मुली त्या कुलपापाशी मेल्या, किंवा खिडकीतून उडी मारून. दारं बाहेर उघडावीत, माणसं आत असताना ती बंद नसावीत, हे कायदे त्यानंतर कडक झाले. "आपण सिनेमा बघून सहज बाहेर पडतो ना," काका म्हणायचे, "ते दार त्या मुलींनी उघडलंय."

मंडळात सगळ्यांची खात्री होती की त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात काहीतरी झालेलं असणार. कोणी म्हणायचं, वडील सोलापूरला गिरणीत होते, तिथे जळाले. कोणी म्हणायचं, बायको आगीत गेली. मीही एकदा विचारलं. काका रागावले, मी पाहिलेले तेवढ्या एकाच वेळी.

"काही झालेलं नाही. वडील मिरजेला पोस्टमास्तर होते, म्हातारे होऊन गेले. बायको कॅन्सरने गेली. आमच्याकडे कधी पडदासुद्धा जळला नाही. मी हे वाचलं. वाचून पुरत नाही का? एखादी गोष्ट खरी मानायला ती आपल्याच घरात घडावी लागते?"

तरी मला संशय राहिलाच. त्यांनीच लावलेली सवय.

दार ढकलण्यापायी त्यांनी एक डोहाळजेवण उठवलं होतं. महागडा बँक्वेट हॉल होता. मागच्या दाराला धोक्याची घंटा जोडलेली होती आणि ते दार ढकलल्याबरोबर वाजत असे. ती वाजली. पैठण्या नेसलेल्या बायका, फुलांचे दागिने घातलेली गरोदर मुलगी, व्हीलचेअरमधल्या आजी, सगळे थंडीत पार्किंगमध्ये. काका सगळ्यांत शेवटी समाधानाने बाहेर आले. "दार उत्तम आहे," ते म्हणाले. गरोदर मुलगी हसत सुटली आणि तिच्या सासूने काकांशी वर्षभर बोलणं टाकलं. मंडळात त्यांना 'इन्स्पेक्टर काका' नाव पडलं ते तेव्हापासून. नावात प्रेम होतं, पण सगळं प्रेम नव्हतं.

मग ते नाटक आलं. पुण्याची मंडळी येणार होती, एकच प्रयोग. वर्षाताईंनी वर्षभर त्याच्यासाठी धावपळ केली होती. हॉल होता त्या गिरण्यांच्या गावात, एका जुन्या रेशीम गिरणीच्या वरच्या मजल्यावर, नव्याने रंगवलेला. मंडळाचं जुनं दुखणं असं की लोक मागच्या जिन्याने, कूपन न घेता शिरायचे. एकाचं कूपन, सहा माणसं आत, आणि विचारलं की, "अरे, आपलंच मंडळ आहे यार." पुढच्या रांगांचे पैसे भरलेले सभासद उभे राहायचे आणि फुकटे बसलेले. या वेळी वर्षाताईंनी स्वयंसेवकांना बजावलं की मागचं दार बघा. नितीन स्वयंसेवक होता. त्याने आपल्या सायकलची साखळी आणली, मागच्या दाराच्या आडव्या दांडीला गुंडाळली आणि कुलूप लावलं. यात त्याला काही वावगं वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांपैकी कोणालाच वाटलं नाही. घराच्या मागच्या दाराला कडी घालावी इतकी ती साधी गोष्ट होती.

काका आले आणि नेहमीप्रमाणे मागे गेले. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. ते परत आले ते बसायला नाही. त्यांनी एका स्वयंसेवकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, खाली गेले, पुन्हा वर आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. पहिली घंटा झाली. मग विंगेजवळ वर्षाताईंशी बोलताना दिसले आणि त्यांचे शब्द मला ऐकू आले.

"कुलूप काढा. मग सुरू करा."

"काका, प्लीज. अडीच तासांचा प्रश्न आहे. आज नको."

"अडीच तासांचाच प्रश्न असतो."

"मागच्या वेळी तुमच्यामुळे डोहाळजेवण उठलं. मी यांना पुण्याहून आणलंय हो! हात जोडते."

"मी पण जोडतो. किल्ली मागवा."

वर्षाताई आत निघून गेल्या. दुसरी घंटा झाली. काका रंगमंचावर चढले, पडद्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मागच्या दाराला कुलूप आहे. आपण सगळ्यांनी पुढच्या जिन्याने सावकाश खाली उतरावं." प्रेक्षक हसले. कोणीतरी ओरडलं, "इन्स्पेक्टर काका, वन्स मोअर!" मागून टाळ्या पडल्या. काकांनी टाळ्या संपू दिल्या. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच उभे राहून अग्निशमन दलाला फोन केला.

ते लोक आले, मोठ्या कात्रीने साखळी तोडली आणि हॉल रिकामा केला. प्रयोग रद्द झाला. केटररने वडे आणलेच होते, ते पार्किंगमध्ये वाटले. काकांपर्यंत ट्रे गेला नाही. ते गाड्यांच्या मधल्या जागेत एकटे उभे होते, आणि मेकअप केलेला एक नट त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. नितीन मला गर्दीत दिसला, हातात कपड्यांची एक बॅग घेऊन. घरी जाताना तो स्टीअरिंगवर हात आपटून बोलत होता. तो सहसा आवाज चढवत नाही. मी विचारलं, "किल्ली कुठे होती?" तो म्हणाला, "माझ्याकडे. सांगितलं ना सगळ्यांना." मी नितीनला ओळखते. तो दोनदा स्पष्टीकरण देत नाही. त्या दिवशी त्याने चारदा दिलं.

हॉलच्या मालकाने मंडळाला पुन्हा जागा द्यायचं नाकारलं. सभा बोलावली गेली. वर्षाताईंनी निवेदन वाचलं. त्यात होतं की किल्ली घेऊन स्वयंसेवक सतत दारापाशी होता, गरज पडली असती तर दार क्षणात उघडलं असतं, आणि काकांनी हट्टाने मंडळाची बदनामी केली. मला वर्षाताईंचा राग आला नाही. त्यांचं वर्ष गेलं होतं.

"काका, तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

काका उभे राहिले. त्यांनी नितीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दाराला कुलूप होतं," ते म्हणाले. "माझं म्हणणं एवढंच." आणि बसले. शर्ट रविवारचाच, इस्त्रीचा होता.

मंडळात कुटुंबाला एक मत असतं. आमचं नितीनने दिलं.

त्यानंतर काका वाचनालयातच भेटायचे. त्यांना घरी बोलवायचं नाही असं नितीनने सांगितलं होतं, आणि मी वाचनालयात जाते याबद्दल तो काही विचारत नसे. शनिवारी काका बोलता बोलता थांबायचे. "उद्या आहे ना?" हा प्रश्न ते आता विचारू शकत नव्हते. एकदा त्यांनी वेगळ्या तऱ्हेने विचारलं. "शाळेत मुलं किती येतात हल्ली? जेवायला काय असतं?" मी सांगितलं, पावभाजी होती. "बरं," ते म्हणाले आणि पान उलटलं. मी वर्षाताईंकडे दोनदा विषय काढला. त्या म्हणाल्या, "त्यांना सॉरी म्हणू दे, मी स्वतः घ्यायला जाते." मी ते काकांना सांगितलं. "कशाबद्दल?" त्यांनी विचारलं, आणि ते टोमण्याने नव्हतं. त्यांना ते खरंच कोणीतरी सांगायला हवं होतं.

आग कधीच लागली नाही. त्या हॉलला नाही, कुठेच नाही. त्यामुळे काका बरोबर होते असं सिद्ध होण्याचा प्रश्नच आला नाही. त्यांना मी हे म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "सुधारणेचं असंच आहे. जमली की काही घडत नाही. न घडलेल्या गोष्टीचे आभार कोण मानणार?"

शरद ऋतूत त्यांना हॉस्पिटलमध्ये ठेवलं. फुप्फुसं थकली होती. तिथेही मला आधी कॉरिडॉरच्या टोकाचं दार बघून यायला सांगितलं. मी रोज जायचे. नितीन सोडायला यायचा आणि खाली गाडीत बसून राहायचा. एके दिवशी मी लिफ्टमध्ये शिरले तर तो मागोमाग आला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "या. बसा."

नितीन बसला नाही. "काका, एक सांगायचं होतं."

"किल्लीचं?"

नितीनने माझ्याकडे पाहिलं. मी कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं, कारण मला काही माहीत नव्हतं.

"नटांच्या कपड्यांची बॅग हॉटेलवर राहिली होती," तो म्हणाला. "मी ती आणायला गेलो. दहा मिनिटांचं काम म्हणून. किल्ली खिशातच होती."

"माहीत आहे. सगळे म्हणाले, किल्ली नितीनकडे, आणि नितीन खाली असेल. मी खाली गेलो. तुमची गाडी नव्हती."

"मग सभेत बोलला का नाहीत? तेवढं सांगितलं असतंत तर तुम्हाला काढलं नसतं."

"नसतं काढलं. तुम्हाला काढलं असतं." काकांना बोलताना श्वास पुरत नव्हता, ते थांबत थांबत बोलत होते. "दार तर उघडलं होतं. मग दोष कोणाचा ते दाखवून काय करायचं?"

नितीनने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. काका त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आणि मी भला माणूस आहे असं समजू नका. बोलायला मला या एकच बाई उरल्या होत्या. तुमचं नाव घेतलं असतं तर या वाचनालयात आल्या असत्या का? स्वार्थ आहे त्यात. नीट तपासा."

मी तपासलं. अजून तपासते. कोणाचाही चांगुलपणा उलटून पाहिल्याशिवाय न सोडणारा माणूस त्या सभेत स्वतःचं सगळं काही हातात घेऊन बसला होता, आणि त्याने ते एका वाक्याने वाचवलं नाही. त्याला स्वार्थ म्हणायचं की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही. करुणेवर त्यांचा विश्वास नव्हता एवढं मात्र मला माहीत आहे.

ते गेल्यावर त्यांचं घर आम्ही दोघांनी आवरलं. मी प्रत्येक खण उघडला. कुठेतरी एखादा जळका फोटो, एखादं कात्रण सापडेल, हा संशय मला शेवटपर्यंत होता. मिरजेच्या पोस्टमास्तरांचा फोटो होता, म्हातारपणचा. बायकोच्या केमोचे कागद होते. बाकी पुस्तकं. काही झालेलं नव्हतं. त्यांनी वाचलं होतं.

मंडळाने शोकसभा घेतली. वर्षाताई चांगलं बोलल्या, 'तत्त्वनिष्ठ' म्हणाल्या आणि खरोखर रडल्या. मग नितीन उठला आणि त्याने किल्लीची हकीकत सांगितली. साखळी माझी, कुलूप माझं आणि त्या वेळी मी तिथे नव्हतो, असं. काकांचं सभासदत्व परत द्यावं असा ठराव त्याने मांडला. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, आता या वेळी हे कशाला?" वर्षाताईंचा चेहरा पांढरा पडला होता. "मला हे माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. मग सेक्रेटरींनी मंडळाची घटना उघडून सांगितलं की गेलेल्या माणसाला सभासद करून घेण्याची त्यात तरतूद नाही, त्यासाठी आधी घटनेत दुरुस्ती हवी. विषय पुढच्या सभेवर गेला.

तेव्हापासून नितीन दर सभेला तो ठराव मांडतो आणि दर सभेला तो पुढच्या सभेवर जातो. लोक आता घड्याळाकडे पाहतात. दोघातिघांनी आमच्याशी बोलणं कमी केलं आहे. कुटुंबाला एकच मत हा नियम बदलून घेऊन मी माझं मत वेगळं नोंदवलं, त्यामुळे ठरावाच्या बाजूने आता दोन मतं आहेत. काकांचं सभासदत्व अजून रद्दच आहे.